पाहुण्याचा चौकोन

१२ जानेवारी

हनुवटीवर तीळ असलेल्या माझ्या मुलीस,

तुझं नाव मी आयुष्यात कधी तोंडाने घेतलं नाही. हनुवटीला बोट लावलं की ती तू, असं आपलं ठरलेलं. कागदावर बोट लावून काही उपयोग नाही, म्हणून मायना असा लिहिला. खाली 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होते, पण आज ते मनातून येईनात. खोटं लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडली.

पत्र कशाला, असं म्हणशील. पत्र मधेच बंद करता येत नाही म्हणून. फाडता येतं, पण तेवढे कष्ट तरी घ्यावे लागतात.

बातमी अशी की आमच्या गल्लीत नवी वेगवान लाइन आली. रस्ता खणून ठेवला होता, घरात यायचं तर फळीवरून तोल सांभाळत यावं लागायचं. जोडणी करायला आलेल्या माणसाने मला ऐकू येत नाही हे कळल्यावर फोनवर लिहून दाखवलं, "आजी, आता सिनेमा कधी अडकणार नाही." मी खाली लिहिलं, "सिनेमा नको, मुलगी दिसू दे." तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गमतीची आहे.

इतकी वर्षं तू म्हणत आलीस, "आई, नेटवर्क नाही." मी मान्य करत आले, कारण ते अर्धं खरं होतं. तुम्हा ऐकणाऱ्यांचं बरं असतं, चित्र अडकलं तरी आवाज चालू राहतो. आमचं चित्र अडकलं की वाक्य तिथेच मेलं. बोटांचा नुसता लगदा व्हायचा. तू काय म्हणालीस ते मी निम्मं अंदाजाने भरून काढायचे, आणि अंदाज नेहमी तुझ्या बाजूने करायचे.

आता अंदाज करायची सोय राहिली नाही. रविवारी तुझ्या बाहीचं लोंबणारं बटणसुद्धा दिसलं मला. आणि हेही दिसलं की एका हातात तू फोन धरला आहेस आणि दुसऱ्या हाताने माझ्याशी बोलते आहेस. अगं, एका हाताने बोलणं म्हणजे तोंडात घास धरून बोलणं. लहानपणी तू तसं केलंस तर मी तुझ्या मनगटावर चापट मारायचे. फोन टेकवून ठेवायला तुझ्या घरात एखादा डबा नाही का?

की फोन हातातच हवा असतो, म्हणजे वेळेवर वळवता येतो? कारण तुझ्या मागे दाराशी पिवळ्या बाहीतला एक कोपर आला होता. तो कोपर कुणाचा हे मला सांगायला नको. तो दिसला आणि तू फोन भिंतीकडे फिरवलास. जुन्या लाइनवर मी म्हटलं असतं, चित्र अडकलं. रविवारी तशी पळवाट नव्हती. तुझी भिंत मला अगदी स्वच्छ दिसली. रंग चांगला आहे.

तुझ्या लेकीला मी भोवरा म्हणते. कपाळावर केसांचा भोवरा आहे ना, तिथे बोट फिरवायचं, की झालं तिचं नाव. हे नाव तिला माहीतच नाही. ती सहा वर्षांची झाली, माझ्यासारखीच बहिरी जन्मली आणि आम्हा दोघींत आजवर एक शब्द झालेला नाही. तुझ्या घरात खुणा करायच्या नाहीत, कारण तिच्या कानामागे यंत्र बसवलं आहे आणि तिला बोलायला शिकवणाऱ्या स्पीचच्या बाई म्हणतात, हात चालले की जीभ आळशी होते.

मला तिच्याशी बोलायचं आहे. दुसरं काही मागणं नाही. माझी तब्येत बरी आहे, तू विचारली नव्हतीस तरी सांगते.

आई


२ फेब्रुवारी

हनुवटीवर तीळ असलेल्या मुलीस,

पत्राला उत्तर फोनवरच्या मजकुरात आलं. तेही बरं. निदान लांब तरी होतं.

तू लिहिलंस, "आई, मी आठ वर्षांची असल्यापासून तुझं तोंड होते. दवाखान्यात मी, बँकेत मी, घरमालकाशी भांडायला मी. बाबा गेले तेव्हा सगळ्यांना फोन मी केले. माझ्या मुलीला कुणाच्या तोंडाची गरज पडू नये, इतकंच मला हवंय. यात तुझा अपमान नाही."

वाचलं. खोटं काही नाही त्यात. पण मनाला लागायचं ते लागलंच. तुला वाटतं का, स्वतःच्या पोरीला पुढे करून घरमालकासमोर उभं राहायची मला हौस होती? तिने बोलावं म्हणून हे सगळं करतेस ना, मग बोलू दे की. खुशाल बोलू दे, गाऊ दे. मी काय तिची जीभ कापून मागते आहे? यंत्र असू दे, बाई असू दे. आठवड्यातून एकदा आजीचे हात बघू दे, एवढंच म्हणते मी.

आणि हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही, हेही मला कळतं. जावईबापूंचा हात असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्या भाषेतला एक शब्द शिकून घेतला नाही. समोर आला की मान डोलावतो, दात दाखवतो आणि बाजूच्या खोलीत जातो. तू त्याची बाजू घेशील, घे.

हात दाबून ठेवल्याने काय होतं ते मला विचार, बाईंना काय विचारतेस? आमच्या शाळेत हात मांडीखाली घेऊन बसायचं, तळवे बाकाला टेकवून. मास्तरीणबाई तोंड हलवणार आणि आम्ही त्या तोंडाकडे बघत बसणार. हात बाहेर आला की पट्टी. सुटीत आम्ही मुली मोरीत जाऊन बोलायचो. त्या मोरीत मी जे शिकले तेच जन्मभर पुरलं. वर्गातलं 'प' आणि 'ब' कुठे गेलं कुणास ठाऊक.

आता गंमत ऐक. लोकांच्या मुलांना मी शिकवते. बहिऱ्यांच्या एका संस्थेने मला संध्याकाळचा वर्ग दिला आहे, पडद्यावरचा. कुठकुठल्या गावांतले आईबाप येतात. त्यांचं मूल बहिरं आहे आणि त्यांना त्याच्याशी बोलायचं आहे. एक ट्रकवाला आहे, ट्रक बाजूला लावून बसतो. एक सासू-सून जोडीने बसतात आणि एकमेकींच्या चुका काढतात. पूर्वी यातलं निम्मं वाया जायचं, कुणाची बोटं दिसायची नाहीत. आता एखाद्याचं नख काळं असलं तरी दिसतं. रोज बहिऱ्या पोरांच्या घरी जाते मी. तुझं तेवढं एक राहिलं.

माझ्या वर्गात एकच नियम आहे. कॅमेरा बंद ठेवायचा नाही. ऐकणाऱ्यांच्या वर्गात चालत असेल, माणूस अंधारात बसून कान देतो. माझ्यासाठी काळा चौकोन म्हणजे माणूसच नाही. कोण आहे, शिकतोय की जांभया देतोय, काय कळणार? त्यात एक 'पाहुणा' म्हणून येतो. नाव नाही, गाव नाही, नुसता काळा चौकोन. वर्ग सुरू झाला की हा हजर. मी त्याला रोज हाताने 'बाहेर' म्हणते, मग बटण दाबून काढून टाकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, निर्लज्ज. खरं सांगू? त्याला काढताना मला बरं वाटतं. दिवसभरात कुणाला तरी मी दार लावते, नेहमी मलाच का लागावं?

'बाहेर' तुला आठवत असेल. तळवा आडवा, मनगटातून दाराकडे झटका, भुवया वर. लहानपणी तूही मांजराला करायचीस. माझ्या हाताने केला की करंगळी मधेच वाकलेली राहते, छापखान्यातल्या यंत्राची कृपा. तू मला चिडवायचीस, आईच्या हाताला तोतरेपणा आहे म्हणून. तेव्हा हसायचे मी.

आई


२० फेब्रुवारी

मुली,

मायना घालायलाही हात वळत नाही आज.

तुझा निरोप आला. भोवऱ्याचं यंत्र बिघडलं, दुरुस्तीला गेलं, बदली मिळत नाही, यायला आठवडे लागतील. तिला काहीच ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी तिने यंत्राची रिकामी डबी कानाला लावून बघितली. मग ताटं फेकली, मग तुला चावली. तिला काय हवंय ते तुला कळत नाही आणि तुला काय सांगायचंय ते तिला कळत नाही. आणि मग शेवटी, "आई, तू एकदा बोलशील का तिच्याशी? हातांनी?"

तर यंत्र बिघडल्यावर माझी आठवण झाली. घरातली वीज गेली की मेणबत्ती कुठे ठेवली होती ते शोधतात, तसं. वीज आली की पुन्हा फडताळात.

आणि तुला येतंच की सगळं. तुझे हात माझ्यापेक्षा देखणे चालतात. मग तू का नाही बोललीस? तू लिहिलंस, "मी केल्या खुणा. ती माझ्या हातांकडे बघतच नाही. सहा वर्षं मीच तिची मान धरून तोंडाकडे वळवली आहे." हे वाचून मी पत्र लिहायचं थांबवलं होतं. रागाने हात भरून आले होते आणि राग कुणावर काढावा ते कळेना. तू रडत लिहिलं असशील. मला तुझी दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

रविवारी येते पडद्यावर. 'नाही' म्हणण्याइतकी मोठी मी झालेली नाही.

तयारी केली आहे. वर्गात घालते ती साधी काळी साडी नेसणार, म्हणजे हात उठून दिसतील. बांगड्या काढून ठेवल्या, चमकतात. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. खिडकीचा उजेड तोंडावर येतो का, ते दोनदा बसून पाहिलं. नवी नवरीसुद्धा एवढी तयारी करत नसेल. हसू नकोस.

काय बोलायचं तेही ठरवलं. 'मी आजी.' 'तू भोवरा.' पुढचं तिने विचारलं तर.

आई


२४ फेब्रुवारी

मुली,

काल काय झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते, कारण तू आणि मी एकाच जागेवरून बघत नव्हतो.

आधी चांगलं लिहिते. तू फोन टेकवून ठेवला होतास. दोन्ही हातांनी बोललीस माझ्याशी, कितीतरी वर्षांनी. "आई, थांब, तिला आणते," इतकंच, पण अख्खं वाक्य होतं.

मग ती आली आणि खुर्चीवर बसली. चित्र इतकं स्वच्छ होतं की कपाळावरच्या भोवऱ्यातला केस न् केस मोजावा. आणि बसल्या बसल्या तिने दोन्ही हात मांडीखाली घातले. तळवे खुर्चीला टेकवून. कुणी सांगितलं नाही, कुणी ओरडलं नाही, आपोआप. ती बैठक मी ओळखते गं. त्या बैठकीत माझं बालपण गेलं. माझे डोळे भरले, तुला वाटलं असेल नातीला बघून भरले.

मी म्हटलं, "मी आजी." सावकाश, वर्गात सांगते तसं. ती माझ्या हातांकडे बघेना. माझ्या तोंडाकडे बघत बसली, आणि माझं तोंड तर मिटलेलं. मी पुन्हा म्हटलं. तिने ओठ शोधले, सापडले नाहीत, आणि तिच्या चेहऱ्यावर असा कंटाळा आला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या जगाशी बोलते मी त्या पडद्यावरून, आणि हिच्यासमोर हात हलवणारी नुसती एक बाई.

तेवढ्यात जावईबापू आले. नेहमीसारखी मान डोलावली. मग तुझ्याकडे चोरट्या नजरेने बघितलं, आणि हात वर करून मला म्हणाले, "बाहेर."

मी चमकलेच. तू मधे पडून सांगितलंस म्हणून कळलं. "आई, तो पाहुणा हाच. ऑफिस सुटलं की गाडीत बसून तुझ्या वर्गात यायचा. घरी मला कळू नये म्हणून. कॅमेरा लावला तर तू ओळखशील आणि मला सांगशील, म्हणून तो बंद. मला परवा समजलं. रोज पहिल्याच मिनिटाला तू हाकलायचीस, त्यामुळे त्याला आला तो एवढा एकच शब्द." आणि तू हसलीस, पण ते हसू धड नव्हतं. जावई लाल झाले होते. मी त्यांना सहा वर्षं मनातल्या मनात काय काय म्हणत आले, ते आता इथे लिहीत नाही.

"मुलीलाही त्याने तोच शिकवला," तू म्हणालीस. "परवा स्पीचच्या बाई आल्या तर हिने त्यांना केला."

म्हणजे तुझ्या घरात माझ्या भाषेतला एकच शब्द पोचला, आणि तो कोणता, तर हाकलण्याचा. याला मी हसू की रडू?

मग ते झालं. बापाने हात हलवलेला भोवऱ्याने बघितला होता. तिने उजवा हात मांडीखालून काढला. माझ्याकडे रोखून बघितलं, भुवया वर केल्या आणि मला म्हणाली, "बाहेर."

आणि तिची करंगळी वाकलेली होती.

तू बघितलंस की नाही मला माहीत नाही. तिची करंगळी धडधाकट आहे. बापाने माझा हात बघून जसाच्या तसा उचलला, माझ्या मोडक्या बोटासकट, आणि तिने बापाचा उचलला. जुनी लाइन असती तर तो लगदा झाला असता आणि मला दिसलंच नसतं. नव्या लाइनने मला एवढं एक दिलं. माझी नात माझ्याच बोटाने मला जा म्हणाली.

तुला वाटलं मला लागलं. तू घाईघाईने तिचा हात धरायला निघालीस. पण मी उठले आणि खरोखरच बाहेर गेले, कॅमेऱ्यासमोरून बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. कारण मूल 'पाणी' म्हणालं की पाणी द्यायचं असतं. तरच त्याला कळतं की शब्दाने काहीतरी होतं.

थोड्या वेळाने डोकावले. ती पुढे वाकून पडद्यात मला शोधत होती. दिसल्याबरोबर पुन्हा म्हणाली, "बाहेर." पुन्हा गेले. पुन्हा आले. आता तिचे दोन्ही हात वर होते आणि ती तोंड उघडं टाकून हसत होती, खांदे हलत होते. माझ्या हातांकडे बघत होती गं, तोंडाकडे नाही. तिसऱ्यांदा गेले, भिंतीला टेकून उभी राहिले, माझ्या तोंडावरही हसू होतं. परत आले तर पडदा काळा.

मी वाट बघितली. लाइन उत्तम होती, चारही रेघा भरलेल्या.

आई


१५ मार्च

हनुवटीवर तीळ असलेल्या मुलीस,

तुझा निरोप पोचला. "यंत्र दुरुस्त होऊन आलं. बाई म्हणाल्या, मधे खंड पडला तो भरून काढायला हवा, हात पुन्हा बंद. त्या दिवशी फोन मी बंद केला. ती तशी कधी हसली नव्हती, मला बघवलं नाही. समजून घे."

समजून घ्यायचं काम माझ्याकडे जन्मापासून आहे. सगळ्यांची तोंडं बघून समजून घेत आले, आता तुझंही घेते. पण ती हसली म्हणून तू बंद केलंस हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नाही. तुला भीती वाटली असेल, की ती माझ्यासारखी होईल. अगं, ती माझ्यासारखीच आहे. कानामागे काहीही लाव, रात्री ते काढून ठेवते ना ती? अंघोळीला काढते ना? तेवढा वेळ ती कुणाची असते?

बरं, मी भांडणार नव्हते. माझं भांडण कागदावर आलं की आणखी वाईट दिसतं.

एवढंच सांगायचं होतं की आज संध्याकाळी वर्गात पाहुणा आला. कॅमेरा बंद. नाव नाही, गाव नाही. सासूने लगेच बोट दाखवलं, "बाई, नियम!" ट्रकवाल्यानेही मान हलवली. सगळे माझ्या हाताकडे बघू लागले, की आता झटका येणार.

मी त्याला काढलं नाही. गाडीत जावई एकटे बसले आहेत की मांडीवर आणखी कुणी आहे, ते मला कळायला मार्ग नाही. विचारणारही नाही. तू हे वाचशील तेव्हा तुला कळेल, आणि मग काय करायचं ते तू ठरव. मी लपवून काही करत नाही, म्हणून लिहिते आहे.

आज दुसराच धडा होता, आठवड्याचे वार. तो बाजूला ठेवला आणि 'ये' शिकवला. तळवा वर, चारी बोटं आपल्याकडे. अगदी सोपा आहे, लोकांना एका फटक्यात आला. तरी मी करत राहिले. सून सासूला म्हणाली, बाईंना आज झालंय काय? मला दिसतं, त्या एकमेकींत काय बोलतात ते. मी थांबले नाही. त्या चौकोनाकडे बघून अख्खा तास तेच केलं, वाकड्या करंगळीसकट.

चौकोन शेवटपर्यंत काळाच राहिला. पण गेला नाही.

आई